देजनेनंतरची गाडी

आठ दहाची गाडी आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली तरी आली नाही, तेव्हा आर्लेतनं मनाशी कबूल केलं की ती आता काही येत नाही. सोळा मिनिटांची सवलत तिनं दिली होती. धुकं आहे, चढ आहे, वाटेत कुणाच्या गाई आडव्या आल्या असतील. पण तिच्या गावाच्या, माव्हिएच्या चढाला लागलेल्या गाडीचा आवाज खालच्या पुलापासून ऐकू येतो, चांगला दोन मिनिटं आधी, आणि पुलावरून आत्तापर्यंत गेला होता तो फक्त दुधाचा टँकर. थांबा म्हणजे काय, एक खांब, खांबाला पाटी, पाटीवर वेळापत्रक आणि खाली एक बाक. वेळापत्रक तिला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती. तळटिपांसकट पाठ होतं. गुरुवारी आठ दहा आणि दुपारी एक चाळीस, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं असेल तरच. शाळेच्या सुट्टीत नाही, सणाला नाही, रविवारी तर नावच काढू नका. काल सकाळीच तिनं फोन केला होता. पलीकडची मुलगी गोड बोलली होती, नोंद झाली मादाम, म्हणाली होती. नोंद झाली म्हणे! आर्लेतनं काठी उचलून खांबावर आपटली. खांब टणकन वाजला आणि तिनं काठी झटकन मागे घेतली, कारण असाच एक खांब, अशीच पाटी आणि असंच बाक तिनं मे महिन्यात लिमोज शहरात पाहिलं होतं.

ते होतं वृद्धांच्या त्या निवासस्थानाच्या बागेत. रेझिस, तिचा एकुलता एक मुलगा, तिला 'नुसतं बघून येऊ' म्हणून घेऊन गेला होता. तिथल्या संचालिकाबाईंनी जेवणाची खोली दाखवली, व्यायामाची खोली दाखवली, आणि शेवटी मोठ्या कौतुकानं बागेच्या कोपऱ्यातला बसथांबा दाखवला. भिंतीच्या आत. 'आमच्या काही पाहुण्यांना संध्याकाळ झाली की घरी जायची घाई होते,' बाई म्हणाल्या. 'अडवलं की चिडतात. मग इथं आणून बसवायचं. वाट बघतात, आणि थोड्या वेळानं कशाची वाट बघतोय तेच विसरतात.' आर्लेतनं विचारलं, 'आणि बस?' बाई हसल्या. 'बस कुठली मादाम, इथं रस्ताच नाही.' रेझिसनं मान डोलावली, काय युक्ती आहे, अशी. बाकावर एक म्हातारी बसली होती. मे महिन्यात अंगात लोकरीचा कोट, मांडीवर पर्स, पर्सच्या कड्या दोन्ही हातांत घट्ट. तिनं आर्लेतला विचारलं, 'सात नंबर गेली का हो?' आणि आर्लेत म्हणाली, 'नाही, यायचीय अजून.' चारचौघांत उगाच कशाला, म्हणून म्हणाली. पण त्या दिवसापासून भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, केव्हाही ते वाक्य तिच्या तोंडात येई आणि तिला स्वतःची शिसारी येई. खोटं बोललीस, आर्लेत. त्या बाईला सांगायला हवं होतंस, ऊठ, चल, इथून कधीच काही सुटत नाही.

आता ती स्वतः कोट घालून बाकाशेजारी उभी होती. काठी, पिशवी, पिशवीत कापडात गुंडाळलेला बटाटे आणि साय भरून भाजलेला पाव, रेझिसला लहानपणापासून आवडणारा. बाकावर ती बसली नाही. बसायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं. धुकं समोरच्या चेस्टनटच्या झाडांतून खाली उतरत होतं. तिच्या डोळ्यांपुढे असं धुकं वर्षभर असतंच, अगदी मधोमध, तळहाताएवढं, तेलाचा डाग पडावा तसं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं दिसतं. चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं. दार बघायचं तर भिंतीकडे. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं आता बंद, आणि तिनं त्याच दुपारी गाडी पावाच्या दुकानातल्या पोराला देऊन टाकली. रडली नाही. पण रेझिसनं ते ऐकलं आणि तेव्हापासून त्याला आईचा आवाज फोनवर ऐकू येईनासा झाला. त्याला ऐकू यायचं ते फक्त माव्हिए. म्हणजे नऊ घरं, त्यातली सहा बंद, दुकान अकरा किलोमीटरवर. 'आई, तिथं बाहेर पडायला साधन नाही,' तो म्हणे. ती म्हणे, 'बस आहे.' तो म्हणे, 'बस आहे म्हणे!' अगदी तिच्यासारखंच नाक उडवून.

रविवारी दोघांचं चांगलंच वाजलं. निवासस्थानातली एक खोली त्यानं तिच्यासाठी अडवून ठेवली होती, गुरुवार संध्याकाळपर्यंत. तिला आवाज चढवायची सवय नव्हती, पण चढला. शेवटी तो म्हणाला, 'ठीक आहे. एवढी तुझी बस आहे ना? मग गुरुवारी ये. एकटी. शेजारच्या फिर्मँच्या गाडीतून नाही, कुणाच्याच गाडीतून नाही. दिनेला माझ्या टेबलाशी जेवायला हजर राहा, मी पुन्हा त्या जागेचं नाव काढणार नाही.' 'आणि नाही आले तर?' 'तर त्या खोलीच्या कागदांवर सही करायची.' आणि ती म्हणाली, 'शब्द देते.' शब्द ती सहसा देत नसे. माव्हिएत आर्लेतचा शब्द म्हणजे सही-शिक्का. नवरा, एमिल, वारला त्या वर्षी गवताचा सौदा मोडून दुप्पट भाव मिळत होता तरी तिनं मोडला नव्हता. एमिल जिवंत असता तर म्हणाला असता, बाई, जिभेला जरा गाठ मारायची होतीस.

तिनं फोन काढला. पठारावर कानाला आवाज येणारी एकच जागा आहे, थांब्यामागच्या भिंतीवर चढलं तर. ती चढली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, भिंतीवर. कालचीच मुलगी होती.

'आहे ना मादाम, नोंद आहे. माव्हिए, एक व्यक्ती, तेरा चाळीस.'

'तेरा? कसले तेरा गं? मी सकाळची सांगितली होती.'

'तुम्ही म्हणालात, देजनेनंतरची गाडी. मी तसंच्या तसं लिहून घेतलंय.'

'मग बरोबरच आहे. देजने होऊन मला दीड तास झाला.'

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग अगदी हळू आवाजात, 'सकाळी सातला देजने?'

'अगं बाई, सकाळी उठून कॉफीत पाव बुडवून खातात, त्याला काय म्हणतेस तू?'

'छोटं देजने.'

'छोटं! आणि दुपारी जेवतेस त्याला?'

'देजने, मादाम.'

'दुपारी दिने असतं, बाळ. रात्री सुपे.'

'इथं दिने रात्री असतं,' मुलगी म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटल्यासारखी, 'माझी आजी पण तुमच्यासारखंच म्हणायची.'

'मग तिला विचारून लिहायचंस!' आर्लेत ओरडली. भिंतीवरून धुक्यात ओरडली, आणि खालच्या कुठल्यातरी कुत्र्यानं तिला उत्तर दिलं. ड्रायव्हर दुसऱ्या फेरीला लागला होता, तो आता येणार नव्हता. ती गाडी जिथं सोडते त्या स्टेशनवरची, लिमोजला जाणारी नऊ दोनची रेल्वे तिच्याशिवाय जाणार होती. मुलगी तीन वेळा माफ करा म्हणाली. मुलीचा तरी काय दोष? शाळेत असताना बाईंनी आर्लेतच्या वहीत त्या शब्दावर लाल रेघ मारली होती. वर लिहिलं होतं, सुसंस्कृत लोक दुपारी देजने करतात. तिच्या आईनं ती वही पाहिली आणि म्हणाली, मग सुसंस्कृत लोक दुपारपर्यंत उपाशी असतात का? आणि घरात शब्द बदलला नाही. साठ-सत्तर वर्षं बदलला नाही, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, आणि आज नेमका, आज, त्यानं तिच्या घराच्या मुळावर घाव घातला. हसावं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी, तिला कळेना. ती भिंतीवरून उतरली, एकेक दगड पायानं चाचपत.

फिर्मँची पांढरी गाडी आली ती नेमकी तेव्हाच. फिर्मँ म्हणजे शेजारी, एमिलचा दोस्त, गुडघे गेलेला, जिभेनं मात्र ठणठणीत. त्यानं काच खाली केली.

'काय गं, राणीसाहेबांचा रथ आला नाही वाटतं?'

'नाही आला.'

'बस आत. स्टेशनवर पोचवतो. धडपडत का होईना, गाठू रेल्वे.'

'नको.'

'अगं, कुणाला कळणारेय?'

'मला.'

फिर्मँनं इंजिन बंद केलं. म्हणजे आता तो भांडणार होता. 'आर्लेत, तू वेडी आहेस. मी तुला देवळाच्या दारात सोडतो असं समज. रेझिसला मी काही बोलणार नाही, माझ्या बायकोला नाही, कुणाला नाही.' तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टोपी आणि खिडकीची कड दिसत होती, पण त्याच्या आवाजात कळवळा होता आणि तो तिला सहन होईना. गाडी उबदार होती. आतून तंबाखू आणि कुत्र्याचा वास येत होता. एक पाय उचलायचा, बस्स. तिचा पाय उचलला गेलासुद्धा. मग तिला कोटातल्या म्हातारीची पर्स आठवली. 'एक मोठी बस असते,' ती म्हणाली, 'खालच्या सरकारी रस्त्यावर, क्रुआ-ब्लांशच्या चौकातून जाते, लिमोजपर्यंत. दहा चाळीस.' फिर्मँ म्हणाला, 'चौक पाच किलोमीटर आहे.' 'जुन्या रेल्वेच्या वाटेनं साडेचार.' 'मधे बोगदा आहे!' 'असू दे. माझ्या आईच्या ओळखीचा आहे,' ती म्हणाली आणि चालू लागली. मागून फिर्मँ बराच वेळ काहीबाही ओरडत राहिला. त्यात एकदा 'हट्टी म्हैस' असं स्पष्ट ऐकू आलं.

रूळ कधीच उखडून नेले होते. आता तिथं खडीची सपाट वाट होती, उन्हाळ्यात सायकलवाले येत. पण आर्लेतच्या पायांना अजून रुळांखालच्या लाकडी स्लीपरांमधलं अंतर ठाऊक होतं, दर पावलाला ते मागत होते आणि मिळत नव्हतं. ती जन्मली ती ह्याच वाटेवरच्या फाटकाच्या घरात. आई, ओगुस्तीन, फाटकवाली होती. दिवसाला सहा गाड्या, प्रत्येक गाडीआधी दोन्ही बाजूंचं फाटक ओढून बंद करायचं, लाल झेंडी गुंडाळायची, उभं राहायचं. जेवताना, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी, तापात. घंटी वाजली की आई ताटावरून उठायची आणि परत आली की गार झालेलं जेवायची, कुरकुर न करता. मग एक दिवस वरून कागद आला, मार्ग बंद. शेवटची गाडी फुलांनी सजवून गेली, बँड वाजला, मेयरनं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पाचला आईनं फाटक ओढून बंद केलं. गाडी नव्हती, घंटी नव्हती. दुपारी बारा चाळीसला पुन्हा. मेयरची गाडी फाटकाशी आली, भोंगा वाजवला, आई जागची हलली नाही. 'ओगुस्तीन, गाडी नाही आता!' मेयर ओरडला. आई म्हणाली, 'मला माहीत आहे, तुम्ही थांबा.' नऊ मिनिटं थांबवून ठेवलं त्याला. नऊ दिवस तिनं हे केलं. आर्लेत तेव्हा सतरा वर्षांची होती आणि लाजेनं मेली होती. शेजारच्या पोरी खिदळायच्या. दहाव्या दिवशी आईनं फाटक उघडलं, बिजागरीला तेल घातलं आणि पुन्हा हात लावला नाही. का केलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आर्लेतनं कधी विचारलं नाही, आणि आज, साठ वर्षांनी, पायाखाली खडी कुरकुरताना तिला त्या लाजेची लाज वाटली. आईला वेड लागलं नव्हतं. विचारल्याशिवाय नेलं होतं तिचं काम, आणि ते तिला कुणाकडून तरी नऊ मिनिटं कबूल करून घ्यायचं होतं.

ओल्या चेस्टनटच्या काटेरी टरफलांवरून काठी घसरत होती. दोनदा ती धडपडली. एकदा गुडघा टेकला, मोजा फाटला, गुडघ्यावर काहीतरी गरम ओघळलं. कुणी बघत नव्हतं म्हणून तिनं एक अशी शिवी हासडली की एमिलनं कान झाकले असते. मग मात्र खाली बसल्याबसल्या तिला भीती वाटली, खरीखुरी. रेझिसचं म्हणणं तिच्या कानात आलं, पडलीस तर कुणाला कळणार, आई? आणि ते म्हणणं काही खोटं नव्हतं. इथं ती पडून राहिली असती तर सायकलवाल्यांच्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोण येणार होतं? फिर्मँ आला असता म्हणा, तंबाखू ओढत, शिव्या घालत. ती उठली. बोगद्याचं तोंड तिला दिसलं नाही, अंगाला कळलं. गारवा आला, पाण्याचा ठिबकता आवाज आला. दोनशे पावलं. लहानपणी गाडी नसताना ती नि तिची बहीण ह्यातून पळत जायच्या, किंचाळत. तिनं काठी बगलेत धरली आणि उजवा हात भिंतीला लावला. दगड ओला, बुळबुळीत, ओळखीचा. आत गेल्यावर एक गंमत झाली. काळोखात तो डाग नाहीसा झाला. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या नजरेच्या मधोमध काही खोट नव्हती, कारण बघायलाच काही नव्हतं. इथं डॉक्टरही तिच्याएवढेच आंधळे, रेझिसही, संचालिकाबाईही. तिला इतकं बरं वाटलं की ती मधेच थांबून उगाच दोन श्वास तिथंच घेऊन मग पुढं गेली.

चौकात ती पोचली तेव्हा देवळाच्या घड्याळाचे साडेदहाचे टोले लांबून ऐकू आले. क्रुआ-ब्लांशला थांबा म्हणजे नुसता खांब, आणि पाटीवर एक हात काढलेला, म्हणजे हात केला तरच बस थांबते. पंचाईत अशी की ज्या गाडीकडे ती बघणार ती गाडी तिला दिसणार नव्हती. धुक्यातून दोन दिवे नि एक आवाज. मग तिनं ठरवलं, जे जड ते थांबवायचं. पहिल्या जड आवाजाला तिनं काठीसकट हात वर केला. ब्रेक करकरले, हवा फुसफुसली, आणि ओल्या लाकडाचा वास तिच्या अंगावर आला. ओंडके वाहणारा ट्रक होता.

'कुठं जायचंय मादाम?' वरून आवाज.

'तुम्ही बस आहात का?'

'आज सकाळपर्यंत तरी नव्हतो.'

'मग जा.'

'लिमोजला चाललोय मी. चढा की.'

'जा म्हटलं ना!' ती इतक्या जोरात म्हणाली की तो खळखळून हसला. 'मागेच आहे बस तुमची,' तो म्हणाला, 'धुक्यानं रखडलीय. चांगली वीस मिनिटं लागतील. उभ्या राहाल ना?' उभं राहणं हे एकच काम ती सकाळपासून करत होती. पाठीतून कळ येत होती, फाटका मोजा पायाला चिकटला होता, आणि लघवीला लागली होती. पण कुंपणाआड गेलं आणि नेमकी तेवढ्यात बस गेली तर? ती जागची हलली नाही. दुसरा ट्रक तिनं थांबवला, मग एक दुधाची गाडी. दुधवाला चिडला. मग अकरा वाजून पाच मिनिटांनी एक आवाज आला, लांबट, घरंगळणारा. तिनं हात वर केला, आणि ह्या वेळी दारं बाजूला सरकली आणि गरम हवेचा लोट आला. ड्रायव्हर बाई होती. ती म्हणाली, 'बाप रे, मला वाटलं कुणी वाहतूक पोलीस आहे.' आर्लेत चढली. बसमध्ये चार-पाच माणसं होती, कुणीतरी उठून पुढची जागा दिली, तिनं ती घेतली, आणि खिडकीच्या काचेला डोकं टेकून ती सारा रस्ता काही विचार न करता नुसती बसून राहिली. एक तासानंतर तिच्या लक्षात आलं की ती हसतेय.

लिमोजच्या स्टेशनवर एक वाजायला दहा कमी होते. रेझिसच्या घरी दुपारचं जेवण साडेबाराला असे, त्याच्या लहानपणी माव्हिएत दिनेही साडेबारालाच असे. म्हणजे हरली. स्टेशनवर शौचालय गाठून, मग शहराची बस पकडून, दोन जणांना विचारून ती त्याच्या दाराशी आली तेव्हा एक वीस झाले होते. दार उघडंच होतं. रेझिस फोन कानाला लावून उभा होता, मोठा, टक्कल पडू लागलेला, पन्नाशीचा मुलगा. तिला बघून त्यानं फोन खाली केला.

'कुठं होतीस? साडेबारापासून फोन लावतोय, बंद लागतोय. फिर्मँला फोन केला, तो म्हणतो बोगद्यातून गेली. बोगद्यातून! आता पोलिसांना लावत होतो.'

'पिशवी धर,' ती म्हणाली. 'तुझा पाव आहे आत. जरा चेपलाय.'

कोरीननं, सुनेनं, तिचा कोट काढून घेतला, गुडघा बघितला, पाणी आणि कापूस आणला, आणि तिला टेबलाशी बसवलं. ताटं मांडलेली होती, वासराचं मटण आता पुन्हा गरम करायला लागणार होतं. समोरच्या फळीवर निळ्या रंगाचं काहीतरी होतं. आर्लेतनं बाजूच्या फुलदाणीकडे बघितलं, तेव्हा ते दिसलं. कागदांची निळी फाइल.

'एक वीस,' रेझिस म्हणाला. रागानं नाही. थकून.

'अहो पण,' कोरीन मधेच म्हणाली, आणि तिच्या आवाजात लबाड हसू होतं, 'तुम्ही आईंना काय म्हणालात? दिनेला ये. बरोबर? मग आपल्याकडे दिने रात्री आठला असतं. आई तर साडेसहा तास आधीच आल्यात.'

आर्लेतला सून आवडायची ती अशा वेळी. दार उघडं करून दिलं होतं पोरीनं, नुसतं आत पाऊल टाकायचं. रेझिससुद्धा हसला असता, आतून त्यालाही तेच हवं होतं, सुटायला निमित्त. सगळं हसण्यावारी गेलं असतं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एक पैज, पुन्हा एक गुरुवार.

'नको गं,' ती म्हणाली. 'ह्याला नि मला दोघांनाही ठाऊक आहे दिने केव्हा असतं. मी उशिरा आले. हरले.'

रेझिसनं श्वास सोडला. त्यानं फाइल आणली, उघडली, तिच्या ताटाशेजारी ठेवली. पेन ठेवलं.

'सही करत नाही,' आर्लेत म्हणाली.

'आई, तू शब्द दिला होतास.'

'दिला होता. मोडतेय.'

'तू?'

'मी. सत्त्याहत्तर वर्षांत पहिला. मला काय आनंद होतोय असं वाटतं तुला? पण तो शब्द मी द्यायलाच नको होता. माझ्या घरात राहायला मी परीक्षा का देऊ? तू पास केलंस तर राहायचं, नाही तर नाही? आज गाडी चुकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकेल. त्या मुलीला सांगेन, सकाळी आठची, आकडा सांगून, तरी कुठंतरी घोळ होईल. मग चालेन. हरले तरी घर माझंच आहे ना?'

'आणि पडलीस तर?'

'आज पडले.'

'बघ!'

'उठलेसुद्धा. ते नाही दिसत तुला.'

रेझिस खुर्चीवर बसला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. 'माझं काय मग? फोन वाजला की जीव वर येतो माझा. मी काय करायचं?'

तिनं त्याच्या कानाकडे बघितलं, म्हणजे त्याचा चेहरा दिसला. एमिलची हनुवटी. डोळे लाल. तिला त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं आणि तिनं ते केलं नाही, कारण ते केलं असतं तर तिनं सही केली असती.

'येऊ दे वर,' ती म्हणाली. 'तू मोटरसायकल घेतलीस तेव्हा चार वर्षं माझा येत होता. मी तुला कुठं नेऊन ठेवलं नाही.'

स्वयंपाकघरात मटणाचं भांडं खदखदू लागलं होतं, कोरीन उठली नाही.

'त्यांना फोन कर,' आर्लेत म्हणाली. 'ती खोली सोड. संध्याकाळपर्यंत कशाला अडवून ठेवायची, दुसऱ्या कुणाला लागेल. आत्ता कर, इथं, मला ऐकू येईल असा.'

त्यानं कोरीनकडे बघितलं. कोरीननं खांदे उडवले. त्यानं नंबर लावला आणि फोन टेबलावर, पावाच्या टोपलीशेजारी ठेवला. संचालिकाबाईंचा आवाज टेबलभर पसरला, तोच, गोड, सावकाश. रेझिसनं आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. 'ती खोली,' तो म्हणाला, आणि अडखळला. 'आम्हाला आता... आता नकोय ती.'

'अरेरे,' बाई म्हणाल्या. असे फोन त्यांना रोज येत असणार. आवाज लगेच मऊ झाला. 'फार वाईट वाटलं हो. कधी गेल्या?'

आर्लेतनं ताट बाजूला सारलं, टेबलावर कोपर टेकले आणि फोनवर वाकली.

'गेले नाही, बाई,' ती म्हणाली. 'आलेय. बसनं आलेय.'